व्हर्नाच्या बरण्या

व्हर्ना ट्रेझाइझच्या घरात काचेची बरणी कधी मेली नाही. फुटली तरी झाकण मागं राहायचं, खिळे ठेवायला. जॅमची बरणी लोणच्याला, लोणच्याची बटणांना, बटणांची बागेतल्या बियांना. तिचा नवरा क्लेम म्हणायचा, "मी गेलो की पेटीचा खर्च नको. ही मला बरण्यांत भरेल, वर लेबल लावेल आणि फळीवर ठेवेल."

"सगळा मावणार नाहीस," व्हर्ना म्हणायची. "पोटाला वेगळी बरणी लागेल."

याला चिक्कूपणा म्हणणाऱ्यांनी ब्रोकन हिलसारख्या कोरड्या खाणगावात वाढून दाखवावं. व्हर्नाच्या लहानपणी गावचं तळं आटलं आणि प्यायचं पाणी आगगाडीनं आलं. आंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, फरशीचं परसातल्या लिंबाला. अशा घरात वाढलेल्या बाईच्या हाताला नळ पूर्ण उघडायची सवय लागत नाही ती नाहीच. आता लांबच्या नदीवरून नळ आलाय, पाणी हवं तेवढं आहे, तरी व्हर्ना ताटं आधी कागदानं पुसते आणि मग वाटीभर पाण्यात आटोपते. काही चिकट असलंच तर निलगिरीच्या तेलाचा बोळा. ती बाटली इथं कुणाच्या घरात नसते? सर्दीला तेच तेल, गुडघ्याला तेच, लोकरीच्या स्वेटरला तेच. बरणीवरच्या लेबलाचा डिंक काढायलाही तेच.

याच सवयीनं एका हिवाळ्यात तिच्या जिवाला घोर लावला.

रुळांपलीकडे, खाणीच्या काळ्या ढिगाऱ्याच्या सावलीत, पत्र्याच्या छपराखाली एक लहानसं संशोधन केंद्र होतं. तिथं व्हर्ना नमुने तयार करायची. खाणीतून आलेला दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा, बरणीत भरायचा, बरणीवर लेबल चिकटवायचं. त्याआधी उभी हयात तिनं खाणीच्या कचेरीत हेच केलं होतं. सत्तरी आली तरी घरी बसायचं नाव नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "घरी क्लेम असतो."

केंद्राची प्रमुख होती हलीना. चाळिशीची, उंच, पोलंडहून आलेली, रागावली की स्वतःच्या भाषेत पुटपुटणारी. ब्रोकन हिलमध्ये माणसांचे दोनच प्रकार: इथं जन्मलेले आणि बाहेरचे. क्लेम दोन वर्षांचा असताना पोर्ट पिरीहून आईच्या कडेवर बसून आला. त्यानं या गावच्या खाणीत जन्म काढला, फुप्फुसं घालवली, तरी तो बाहेरचाच. मग हलीनाची काय कथा! पहिल्या दिवशी व्हर्नानं तिच्यासाठी गावचं कोशिंबिरीसारखं चीज-स्लॉ नेलं: किसलेलं गाजर, किसलेलं चीज, वर मेयोनेज. हलीनानं चमचाभर खाल्लं, विचार केला आणि म्हणाली, "आमच्याकडे यात सफरचंद घालतात. चीज नाही घालत."

"तरीच तुम्ही लोक देश सोडून येता," व्हर्ना म्हणाली.

आठवड्यानं ती गुपचूप सफरचंद घालून खाऊन बघत होती. हे क्लेमनं पाहिलं आणि गावभर केलं.

व्हर्नाची स्वतःची मुलं केव्हाच ॲडलेडला गेली होती. नाताळला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, यायची आणि उन्हाला नावं ठेवत परत जायची. हलीना मात्र रोज होती. दुपारी एका बाकावर बसून दोघी डबा खायच्या आणि भांडायच्या. माया माया म्हणतात ती याहून वेगळी असेल तर व्हर्नाला ती ठाऊक नव्हती.

हलीनाचं वेड दळणाचं होतं. शिसं, जस्त, चांदी दगडात अडकलेली असते. ती सुटी करायची तर दगड मैद्यासारखा दळावा लागतो. मग ते पीठ पाण्यात कालवायचं, थोडं औषध घालायचं आणि खालून हवा सोडायची. धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, बाकीचा दगड तळाला बसतो. या गावानं हे शंभर वर्षांपूर्वीच आत्मसात केलं. पण त्या गिरण्या अख्ख्या गावाला लागत नाही एवढी वीज खातात, आणि ती वीज कुठं ना कुठं कोळसा जाळूनच येते. गावाबाहेर माळावर सौर पट्ट्या उन्हात तापत पडल्यात. त्या पट्ट्यांना, तारांना, बॅटऱ्यांना धातू हवा, आणि तो धातू मिळवायला कोळसा जाळायचा! हलीना याला सरळ मूर्खपणा म्हणायची.

"मला मैदा नकोच," ती म्हणायची. "रवा पुरे. रव्याएवढा कण वर उचलता आला तर निम्मं दळण वाचेल."

पण रवा जड. बुडबुड्यावरून घसरतो. म्हणून तिनं पुरुषभर उंचीचं पारदर्शक नळकांडं उभं केलं होतं. त्यात खालून पाणी सावकाश वर चढायचं, जड कणाला बुडाशी हात दिल्यासारखं. दिसायला सुरेख होतं. चालत नव्हतं. दोन वर्षं रवा इमानेइतबारे तळाशी बसत होता. पैसा देणाऱ्यांचा धीर सुटला होता, वर्षअखेर केंद्राला कुलूप लागणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि हलीनानं परत जायच्या विमानांची चौकशीही केली होती.

आणि त्या वर्षीच्या पानगळीत नळकांडं एकाएकी चालायला लागलं. रवा वर यायला लागला. राखाडी, चमकदार, जाड फेस, त्यात उघड्या डोळ्यांना दिसणारे दाणे! हलीनानं व्हर्नाला उचलून गरगर फिरवलं.

"खाली ठेव! कंबर मोडेल!"

"तुझी?"

"तुझी गं!"

हलीनानं नुकतंच पाण्याचं चढणं थोडं मंद केलं होतं. त्याचंच हे फळ, असं सगळ्यांनी धरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हिवाळा येईतो खाणीच्या गिरणीचा प्रमुख रॉस पेंगेली यानं बोलावणं धाडलं: गिरणीत मोक्याची जागा देतो, खऱ्या मालावर चालवून दाखव. बोलणी पुढच्या गुरुवारी ठरली. हलीना घर बघायला लागली. व्हर्नानं तिला आपल्याच गल्लीतलं, अगदी शेजारचं, निळ्या पत्र्याच्या कुंपणाचं घर शोधून दिलं. विकत घेण्याचा विचार चालला होता. एखादं माणूस या माळावर घर विकत घेतंय म्हणजे ते राहणार. व्हर्ना पडद्यांचं कापडसुद्धा बघून आली.

त्या गुरुवारच्या आधीच्या शुक्रवारी म्हाताऱ्या प्रवाशांची एक बस केंद्र बघायला आली. अशा बस येत. त्यांना गोष्ट सांगायची ती व्हर्नानंच. ती गोष्ट तिला तोंडपाठ होती आणि तिची लाडकी होती. तिचा आजा इथल्या पहिल्या फेसाच्या गिरणीत कामाला होता. तेव्हा फेस यायला आजच्यासारखी औषधं नव्हती. गडी पिंपातून निलगिरीचं तेल ओतत. आजा घरी आला की अख्ख्या घराला झाडाचा वास यायचा, आजी त्याला अंगणातच कपडे काढायला लावायची. एवढं सांगून झालं की व्हर्ना काचेच्या पेल्यात पाणी आणि दगडाचं पीठ घ्यायची, वर निलगिरीचा एक थेंब टाकायची आणि तळहातानं झाकून हलवायची. वर चांदीसारखा फेस यायचा. लोक आ वासून बघायचे.

त्या दिवशीही तिनं आजा सांगितला, आजी सांगितली, अंगणातले कपडे सांगितले. मग मोरीच्या कठड्यावरची तेलाची बाटली घेतली, थेंब टाकला, पेला हलवला. फेस आला. बसमधल्या गुलाबी टोपीवाल्या बाईनं टाळी वाजवली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ तरी, या तेलाचे गुण! मी आपली बरण्यांवरची लेबलं काढायला वापरते."

"मीसुद्धा," व्हर्ना म्हणाली. "याच बाटलीतलं. रोज या नमुन्यांच्या बर..."

आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

हातात पेला, पेल्यात फेस. पानगळीत हलीनानं नवी लेबलं आणली होती. त्यांचा डिंक मेला कशानं निघत नव्हता. म्हणून व्हर्नानं घरची बाटली इथं आणून ठेवली. तेलाचा बोळा बरणीवर फिरवायचा, तोच आतून, तोच कडेनं, मग चूळभर पाणी घालून खळखळवायचं, पालथी घालायची. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बरणीत ताजा रवा भरायचा. दगडाच्या औषधाला इथं सडक्या कोबीचा असा वास की निलगिरी कुणाच्या नाकाला लागणार? सगळ्या जगाला आज्याची गोष्ट सांगत हिंडणारी ही बाई, आणि आज्याचं तेल स्वतःच्या हातानं बरणीत चोपडताना तिला एकदाही सुचलं नव्हतं!

"पुढं काय झालं आज्याचं?" गुलाबी टोपीनं विचारलं.

"मेला," व्हर्ना म्हणाली. "चला, बस सुटेल तुमची."

घरी क्लेम पेस्ट्या गरम करत होता, मटण-बटाट्याचं सारण भरलेल्या, शुक्रवारच्या. व्हर्नानं कोट न काढता सगळं सांगितलं. क्लेम आधी हसला. मग तिचा चेहरा बघून हसू गिळलं.

"हलीनाला माहीत आहे?"

"नाही."

"मग गुरुवारपर्यंत गप्प बस की म्हातारे. जागा मिळू दे, घराचे कागद होऊ देत. मग बघू."

"मग काय बघशील?"

"पोरगी इथं राहील. तुला तेच हवंय ना? मला काय कळत नाही? पडद्याचं कापड दोनदा बदलून आणलंस."

व्हर्ना खुर्चीवर बसली. तिला तेच हवं होतं. नको का असेल? शनिवारी सकाळी कुंपणावरून हाक मारावी, चहा प्यावा, भांडावं. एवढंच मागणं होतं, आणि तोंड मिटून बसलं की ते पदरात पडत होतं. पेस्टी निवत गेली.

"गिरणीत बरण्या नसतात, क्लेम," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं दगड पट्ट्यावरून येतो. मी नसते, माझा बोळा नसतो. नळकांडं पेंगेलीच्या नाकासमोर बंद पडेल. रवा तळाशी बसेल आणि तिला कळणारही नाही का बसला. जन्मभर स्वतःचंच डोकं खात बसेल ती. माझ्याच गल्लीत बसून. आणि मी तिला चहा पाजू?"

क्लेमनं बराच वेळ खोकून घेतलं. "मग जा आणि सांग," तो म्हणाला. "पण पेस्टी खाऊन जा. उपाशी पोटी तू फार वाकडं बोलतेस."

शनिवारी सकाळी हलीना त्या निळ्या कुंपणाच्या घरात टेप घेऊन खिडक्या मोजत होती. दलालानं दार उघडून दिलं होतं. व्हर्नाला बघून ती म्हणाली, "बरी आलीस. टेपचं हे टोक धर."

व्हर्नानं टोक धरलं आणि खिडकीच्या काचेकडे बघत सांगून टाकलं. बोळा, बाटली, चूळभर पाणी, सगळं. आडपडदा ठेवणं तिला जमलंच नसतं. सवयच नाही.

टेप सर्रकन हलीनाच्या हातात परत गेली.

"नव्या बरण्या मागवल्या होत्या मी," हलीना म्हणाली. "प्रत्येक नमुन्याला नवी. वापरली की टाकून द्यायची. तुला सांगितलं होतं मी!"

"सांगितलं होतंस."

"कुठं आहेत त्या?"

"बाकाखाली. पेट्या तशाच आहेत. जपून ठेवल्यात."

"कशासाठी?"

"लागतील म्हणून."

हलीनानं तिच्याकडे असं बघितलं की व्हर्नाला क्लेमच्या खोकल्यासकट सगळं जग नकोसं झालं. मग हलीना पोलिश भाषेत जे काही म्हणाली त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. "जा तू," ती इंग्रजीत म्हणाली. "आत्ता माझ्यासमोर थांबू नकोस."

व्हर्ना घरी गेली नाही. ती थेट केंद्रावर गेली, बाकाखालच्या पेट्या ओढून काढल्या, फोडल्या, एकूण एक नवी बरणी मांडली. जुन्या बरण्या दाराबाहेर रचल्या. मग दगड दळायला घेतला. चाळण्या, तसराळी, पळ्या, जिथं जिथं तो बोळा फिरला असेल ते सगळं तिनं साबणानं घासून वाहत्या नळाखाली धरलं. पाणी वाहत होतं. मोरीत भोवरा करून, नळीत गुळगुळ करत, कुणाच्याही उपयोगी न पडता वाहून जात होतं. व्हर्नानं दात आवळले आणि नळ बंद केला नाही.

दुपारी हलीना आली. डोळे सुजलेले. तिनं बरण्या बघितल्या, वाहता नळ बघितला.

"किती वेळ चालू आहे हा?"

"विचारू नकोस. रडू येईल."

 हलीनानं अंगात पांढरा कोट घातला आणि नळकांड्यात पाणी सोडलं.

रविवार आणि पुढचे दिवसही त्या दोघी तेच करत राहिल्या. रवा घालायचा, हवा सोडायची, बघायचं. जाडा रवा तळाशी गेला. पुन्हा केलं, पुन्हा तळाशी. व्हर्नाला तो प्रत्येक दाणा आपल्या डोक्यावर पडल्यासारखा वाटत होता. पण बारीक रवा, मैद्याहून भरड आणि जाड्या रव्याहून बारीक असा, तो मात्र वर येत होता. पहिल्या दोन वर्षांत तोही येत नव्हता. म्हणजे पाणी मंद केल्याचा गुण होता. डांगोरा पिटला त्याच्या मानानं थोडका, पण खरा.

"अर्धी तरी पोळी मिळाली," हलीना बुधवारी म्हणाली. तीन दिवसांत प्रथमच ती कामाव्यतिरिक्त काही बोलली होती.

"तेलाचं काय मग? आजा काही मूर्ख नव्हता. तेल घालूनच चालव."

"आपण तेल किती घालत होतो?"

व्हर्ना हातातली बरणी पुसत राहिली.

"कुठल्या बरणीत किती? ठाऊक आहे तुला?"

"नाही गं."

"मग तो प्रयोग नव्हता, व्हर्ना. ती भांडी घासणं होतं. करू कधीतरी, मोजूनमापून करू. उद्या नाही सांगणार मी त्यांना ते."

गुरुवारी व्हर्ना न बोलावता सोबत गेली. चांगला निळा कोट घालून. पेंगेलीच्या कचेरीत चार-पाच जण होते. हलीनानं आधी बरण्यांची हकिगत सांगितली, मग खरे आकडे. पेंगेली खुर्चीत मागं रेलून हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे व्हर्ना, आपल्या आज्यांनी शंभर वर्षांपूर्वी जे केलं ते तू पुन्हा शोधून काढलंस! तेही नकळत!"

"हस, रॉस, हस," व्हर्ना म्हणाली. "तुझा आजा त्याच गिरणीत पिंपावर झोपायचा, हे मी बसवाल्यांना सांगत नाही म्हणून बरं. आता हसून झालं असेल तर मुद्द्याचं बोल. बारीक रवा वर येतो. दळण वाचतं की नाही?"

"थोडं वाचतं."

"थोडं म्हणजे तुझ्या गिरणीचं थोडं. त्यात गावचे दिवे लागतील."

पेंगेलीनं कागद उलटेपालटे केले. मोक्याची जागा आता देता येणार नाही, तो म्हणाला. वरचे लोक जाड्या रव्याच्या आशेवर होते. पण मागं, जुन्या टाकीजवळ, पत्र्याखाली एक कोपरा रिकामा आहे. पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालवा. मग बघू. केंद्राला पैसा देणाऱ्यांनाही तेवढं थांबायला सांगतो.

"एक विचारू?" शेवटी तो म्हणाला. "तिथं भांडी कोण धुणार?"

हलीनानं व्हर्नाकडे बघितलंही नाही. "हीच," ती म्हणाली.

"हीच?"

"हिनं सांगितलं नसतं तर तुम्हाला कधी कळलं असतं का? मलाच कळलं नसतं."

बाहेर आल्यावर दोघी गाडीकडे निघाल्या. वाटेत व्हर्नानं कोटाचं बटण तीनदा लावलं.

हलीनानं ते घर विकत घेतलं नाही. एका वर्षासाठी भाड्यानं घेतलं. व्हर्नानं क्लेमपाशी नाक मुरडलं, "भाड्यानं! म्हणजे एक पाय विमानातच." पण पडद्याचं कापड फाडून, शिवून, टांगायला तीच गेली.

गिरणीतल्या त्या कोपऱ्यात आता व्हर्नाचा कायदा चालतो. आत येणाऱ्यानं आधी हात पुढं करायचे. ती वाकून वास घेते. पेंगेलीच्याही हातांचा घेते. छातीला तेल चोळून आलेल्या क्लेमला तिनं डबा फाटकावरच ठेवून परत पाठवलं. "छाती तुझी आहे," ती म्हणाली, "रवा हलीनाचा आहे." निलगिरीची बाटली घरच्या फळीवर गेलीय आणि रूळ ओलांडायला तिला बंदी आहे. जुन्या बरण्या अर्थातच फेकल्या नाहीत. त्यांत जर्दाळूचा जॅम आहे.

हलीना राहायला आली त्या शनिवारी पुढच्या खिडकीवर दलालाची चिठ्ठी तशीच होती. हलीनानं ती ओरबाडली. कागद निघाला, डिंक काचेवर राहिला. तिनं कुंपणावरून हाक मारली, "व्हर्ना! हे कशानं निघेल गं?"

व्हर्ना कुंपणापाशी आली. एका हातात बाटली, दुसऱ्यात चिंधी. तयारीनंच आली होती.

"आण इकडे," हलीना म्हणाली.

"तू नको हात लावूस. सोमवारी कामावर जायचंय तुला."

"तुलाही जायचंय."

"मी धुईन."

"किती पाण्यानं?"

व्हर्नानं डिंक पुसला, काच लख्ख केली, तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली. मग हलीनाच्या परसातल्या नळाशी गेली आणि तो पूर्ण उघडून दोन्ही हात साबणानं चोळू लागली, हलीना कमरेवर हात ठेवून बघत होती तितका वेळ. मात्र नळाखाली तिनं आधी बादली सरकवली होती. भरल्यावर ती उचलून कुंपणावरून पलीकडे क्लेमच्या हातात दिली.

"लिंबाला घाल," ती म्हणाली.